फौजदारबाईंनी घेतलेलं माप

माझ्या धाकट्या जावेला सगळी गल्ली फौजदार म्हणते. पोलिसात नाही ती, शिवणकाम करते. पण संशय घेण्यात खरा फौजदार हिच्यापुढे पाणी भरेल. गिऱ्हाईकानं कापड दिलं की आधी त्याच्यासमोर मोजणार, दोन बोटं कमी भरलं की तिथल्या तिथे सांगणार, नाहीतर उद्या तिच्यावर यायचं. नवं रीळ आलं की हातावर तोलून बघणार. एखादी स्कूटर दुकानासमोर दोनदा थांबली की तिचा नंबर खडूनं दाराच्या आत लिहिलाच म्हणून समजा. मी तिची मोठी जाऊ, अकरा वर्षं शेजारच्या स्टुलावर बसून काजं-बटणं करतेय, तरी कात्री जागेवर नसली की पहिली नजर माझ्याकडेच.

"जाऊबाई, कात्री?"

"खाल्ली मी. मीठ जरा कमी होतं."

हसत नाही. कात्री मिळेपर्यंत तिला हसू येत नाही.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी तिचं मशीन, भिंतीला कापायचं टेबल, मधे पडदा, पडद्यामागे आरसा. दीर ट्रक चालवतो, महिन्यातून दोनदा घरी टेकतो. त्यामुळे दुकान, घर आणि तेरा वर्षांची चिंगी, तिन्ही हिच्याच गळ्यात. चिंगी म्हणजे तिची एकुलती एक. पोरीवर तर हिचा डोळ्यांत तेल घालून पहारा. शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर चार प्रश्न, उत्तर दिलं तर आणखी आठ. मी म्हणायचे, "अगं, मुलगी आहे ती, आरोपी नाही." तिचं ठरलेलं उत्तर, "तुम्हाला काय कळतं, दिवस वाईट आहेत."

दिवस वाईट होतेच. पण वाईट कुठल्या दारानं आत आलं, ते ऐका.

चिंगीला फ्रॉकची चित्रं काढायचा नाद. वहीची मागची पानं संपली तेव्हा आईनं आपला जुना फोन तिला दिला, त्यात बोटानं चित्रं काढता येतात म्हणून. ती चित्रं कसल्याशा अ‍ॅपवर टाकायला लागली. तिथे एक ड्रेसवाली ताई भेटली. म्हणे मुलांच्या कपड्यांची कंपनी आहे तिची. चिंगीच्या चित्रांचं कौतुक करायची, कॉलर अशी घे, घेर कमी कर, असं सुचवायची. फौजदारबाईंनी फोन तपासला, रोज तपासायची. सगळं स्वच्छ. कापड, रंग, शाबास, थँक्यू. फोटोत एक हसरी बाई, मागे कपड्यांचे गठ्ठे.

"आपल्याच धंद्यातली दिसते," जाऊ म्हणाली. मला नवलच वाटलं. रिळावर विश्वास नसलेली बाई, आणि न बघितलेल्या माणसाला आपलं म्हणते! पण खरं सांगू? बाई आहे आणि कपडे शिवते, एवढ्यावर मीही गप्प बसले.

मग ताईनं लिहिलं की चिंगीचा एक फ्रॉक कंपनी शिवून पाठवणार, तिच्याच चित्रावरून, तिच्याच अंगाचा. माप पाठवा. घरात आनंदीआनंद. पोरीला स्टुलावर उभी केली आणि आईनं स्वतः टेप लावली. एरवी मापं मला सांगते, मी लिहिते. त्या दिवशी मला वही धरू दिली नाही. दुकानाच्या चिठ्ठीपुस्तकातलं पान फाडलं आणि आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, जशी प्रत्येक गिऱ्हाईकाची लिहिते तशीच. वर छापलेलं दुकानाचं नाव, पत्ता, फोन. खाली मुलीचं नाव, वय, सगळी मापं. आणि शाळकरी पोरांच्या चिठ्ठीवर ट्रायलची वेळ ठरवायला आम्ही लिहितोच ते, शाळा कुठली आणि सुटते किती वाजता. हात सवयीनं चालला. चिठ्ठीचा फोटो चिंगीनं पाठवला. मी बाजूला बसून म्हटलं, "काय अक्षर आहे गं तुझं, मोती!" मूर्ख मी.

फ्रॉक आला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. चित्रं बंद झाली. पोर घास अर्धा टाकून उठायला लागली, फोन उशीखाली, आंघोळीला जाताना फोन सोबत. विचारलं तर "काही नाही." जावेचं नाक लगेच वर. झालं, तपास सुरू!

पण कुणाचा? आधी शिकवणीच्या सरांचा. मग वरच्या मजल्यावरच्या उंच पोराचा, तो जिन्यात चिंगीकडे बघून हसला होता म्हणून. बिचारा सगळ्यांकडेच बघून हसतो, दातच तसे आहेत. मग माझा नंबर लागला, मी पोरीला फूस लावते म्हणून. शेवटी पोरीचाच. दप्तर उलटं केलं, वह्या झटकल्या, "कोण आहे तो? नाव सांग!" म्हणून दोन तास उभी केली. चिंगीनं ताकास तूर लागू दिली नाही. रोज फोन तपासला तरी आत तेच कापड, रंग, थँक्यू.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देतेयस तू," मी म्हटलं.

"मग चोर दाखवा!" ती माझ्यावर खेकसली. दाखवायला मला तरी कुठे दिसत होता?

शुक्रवार होता, दुपारची वेळ. शाळेला सुट्टी होती, कसल्याशा परीक्षेची. जाऊ शर्टाची बाही लावत होती. चिंगी पडद्याआडून आली आणि हळूच म्हणाली, "काकू, टेप दे ना जरा."

माझ्याकडे मागितली, आईकडे नाही. मशीन थांबलं.

"कशाला हवी?"

"ताईला परत मापं हवीत. आधीची हरवली."

"हरवली? चिठ्ठीचा फोटो हरवतो होय? दाखव काय मागितलंय."

पोरीनं फोन पाठीमागे नेला. आईनं हात पुढे केला तसा धरूनच ठेवला, खाली घेतला नाही. शेवटी चिंगीनं फोन दिला. जावेनं वाचलं, मग परत वाचलं. आता ओरडेल म्हणून मी सुई बाजूला ठेवली. ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "जाऊबाई, यात खांदा नाही."

"म्हणजे?"

"खांदा नाही, मुंढा नाही, पाठीची उंची नाही. बाही जिथे बसते तिथलं एकही माप मागितलेलं नाही. अहो, या मापांत फ्रॉक काय, बाहुलीचं झबलंही शिवून होणार नाही. हे माणूस शिंपी नाहीच!"

आणि मापांखाली लिहिलं होतं, टेप लावलेले फोटो पाठव. दार लावून काढ. आईला दुकानातून उठवू नकोस. वाचलं की पुसून टाक.

जाऊ ताडकन उठली आणि तिचा हात वर गेला. पोरीनं डोळे मिटून गाल पुढे केला. तिला तेच येणार हे माहीत होतं. मी जावेचं मनगट धरलं. "हात लावलास तर बघ. ती तुझ्याकडे टेप मागायलाही घाबरली, ते दिसतंय का तुला?"

हात खाली आला. तिनं दुकानाचं दार आतून लावलं, पोरीला माझ्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसली. "सांग," म्हणाली. पोर सांगेना. फोनमध्ये एक खूण दाबून दुसरं पान उघडलं आणि तोंड फिरवलं. आई रोज तपासायची ते पान वेगळं, हे वेगळं. हेही ताईनंच शिकवलं होतं. इथे ताईची भाषा बदलली होती, 'करते'चं 'करतो' झालं होतं, आणि हसऱ्या बाईचा फोटो गळून तिथे नुसता करडा गोल होता.

सगळं मी लिहीत नाही, लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात सांगते. आधी लाडीगोडी, मग आईला न सांगायच्या गमती, मग धमकी. त्यानं लिहिलं होतं, "चिठ्ठी माझ्याकडे आहे. घर माहीत आहे, शाळा माहीत आहे. आईला सांगायचं तर सांग. तूच म्हणालीस ना, ती तुझ्यावरच संशय घेते? बघू कुणाचं खरं मानते."

त्याच्याखाली चिंगीचं उत्तर नव्हतं. तारीख बघितली, अकरा दिवसांपूर्वीची. म्हणजे आपली फौजदार दप्तर उलटं करत होती तेव्हा हे आलेलं होतं.

जावेनं ते वाचलं आणि भिंतीला टेकली. तिला रडताना मी दोनदाच बघितलंय, हे दुसऱ्यांदा. "जाऊबाई, मी इतकी वर्षं पहारा दिला," म्हणाली, "आणि त्यानं माझ्याच पहाऱ्याची भीती घातली तिला."

खरंच होतं ते.

मला तर तो फोन जात्यात घालून दळावासा वाटत होता. निदान चार सणसणीत शिव्या तरी पाठवू म्हटलं, मला येतात चांगल्या. तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. "काही पाठवायचं नाही, काही पुसायचं नाही. तो सावध होईल. हा पुरावा आहे." मग माझ्या फोननं एकेक पानाचे फोटो काढले, तारखेसकट, नंबरासकट. अशा वेळी फौजदार खरी फौजदार.

तेवढ्यात दार वाजलं. आम्ही तिघी जागच्या जागी थिजलो. बाहेर एक माणूस, हातात पँट. "जरा आखूड करायची होती." कधी न पाहिलेला. काचेतून त्यानं आत डोकावलं, आमच्याकडे, मग चिंगीकडे. की मलाच तसं वाटलं? जावेनं दाराआडूनच "आज बंद" म्हणून सांगितलं आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली. असेल बिचारा पँटवाला. पण आमचा पत्ता नको त्या हातात गेला होता, आणि त्या हाताला तोंड नव्हतं. आता प्रत्येक पँटवाला तोच.

चौकीवर गेलो तर बाकावर तासभर बसवलं. मग आत एक बाईसाहेब आणि टेबलाच्या कडेला लिहून घेणारा एक हवालदार. बाईसाहेब बऱ्या होत्या. चिंगीला पाणी दिलं, हळू विचारलं. ही मान खाली घालून बसलेली. फोटो पाठवलेस का? मान नाही म्हणून हलली. भेटलीस का कधी? मान नाही. आणखी काही आहे का? मान हललीच नाही.

हवालदार लिहिता लिहिता चुकचुकला. "पण मुलीनं अनोळखी माणसाला घरचा पत्ता दिलाच कशाला? शाळेची वेळसुद्धा? आजकालच्या मुली म्हणजे..."

चिंगी आणखी खाली वाकली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊ उभी राहिली.

"मुलीनं नाही दिला. मी दिला. चिठ्ठी माझ्या दुकानाची आहे, अक्षर माझं आहे. स्टुलावर मी उभी केली तिला, टेप मी लावली, शाळेची वेळ मी लिहिली. चूक माझी आहे आणि गुन्हा त्याचा. माझ्या मुलीचं यात काहीही नाही. तसंच लिहा. शब्द बदलायचा नाही, मी वाचून सही करणार आहे."

हवालदारानं बाईसाहेबांकडे बघितलं. "लिहा," त्या म्हणाल्या.

लिहून झालं, जावेनं ओळन्‌ओळ वाचून सही केली. मग चिंगीनं मान वर केली. दुपारपासून पहिल्यांदा आईकडे बघितलं तिनं.

"आई, तू रागावणार आहेस?"

"खूप रागावणार आहे. तुझ्यावर नाही."

पोरीनं ओठ चावला. माझा हात तिच्या हातात होता, तो तिनं इतका घट्ट दाबला की माझी बोटं दुखली.

"मग सांगते. काल फोन करून म्हणाला, फोटो देत नाहीस तर भेटायला ये. उद्या शाळा सुटली की गेटच्या पलीकडे पांढरी गाडी येणार आहे. मी हो म्हटलंय."

बाईसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि टेबलावरचा फोन उचलला.