हळदीचा डबा

आमच्या हिंगोलीच्या ऑफिसातले हेडक्लार्क मूळचे कुरुंद्याचे. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी आडनाव विचारलं, मग गाव, मग "गावात घर कुण्या बाजूला?" बौद्ध आहे, असं मीच सांगून टाकलं. "आमी न्हाई मानत तसलं काही," ते लगेच म्हणाले. अजूनही अधूनमधून ऐकवतात.

माणूस वाईट नाही, हीच तर तकलीफ आहे. मी आजारी पडलो तेव्हा दवाखान्यात रोज तेच आले. दरवर्षी शेतातली नवी हळद सगळ्यांना वाटतात. इतरांना घरच्या स्टीलच्या डब्यात, मला तेवढी पार्सलच्या प्लास्टिकच्या डब्यात. "तुमाला परत आणायची तकलीफ काहून?"

गेल्या वर्षी चिडून मी तो डबा घासला आणि बायकोनं केलेले लाडू भरून परत दिला. रिकामा डबा परत करू नये, ही रीत आम्हालाही ठाऊक आहे. त्यांनी माझ्यासमोर लाडू खाल्ला, तारीफ केली. मला वाटलं, जिंकलो.

परवा यंदाची हळद आली. त्याच डब्यात. झाकणावर माझं नाव.

"वर्षभर जपून ठेवला बघा," ते कौतुकानं म्हणाले, "बाकीच्या भांड्यात मिसळू दिला न्हाई."