डावीकडची सीट

आज पनवेलमध्ये जो कोणी धडधाकट हिंडतोय, तो माझ्या आत्याच्या कृपेने हिंडतोय, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना ती अतिशयोक्ती वाटते. पण हिशोब साधा आहे. निम्म्या पनवेलला गाडी चालवायला आत्याने शिकवलं आणि उरलेलं निम्मं पनवेल रोज त्यांच्या समोरून रस्ता ओलांडतं. तीसेक वर्षं रोज भल्या सकाळी तिची पांढरी गाडी, टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पिवळी पाटी मिरवत, सुकापूरच्या तिच्या घरासमोरून निघायची. डॉक्टर, नगरसेवक, उरणच्या मासळीवाल्या मावश्या, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या सुना, सगळे एकेक करून तिच्या उजवीकडे बसून घामाघूम व्हायचे. स्वतःच्या लग्नाचं विचारलं की ती म्हणायची, "वेळच मिळाला नाही, पहिली बॅच सहाला असायची." आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला तिचा एकच उपदेश असायचा. "रस्त्यावर सगळे मूर्ख आहेत असं समजून चालव. आरशात बघ, म्हणजे त्यातला पहिला दिसेल."

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डावीकडे, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाखालीही, एक क्लच आणि एक ब्रेक असतो. या दोन पेडलांवर आत्याचं आयुष्य गेलं, त्यामुळे तिचे पाय तिच्या ताब्यात राहिले नाहीत. रिक्षात मागे बसली तरी समोर म्हैस दिसली की तिचा पाय खाडकन पत्र्यावर आपटायचा. एका रिक्षावाल्याने तिला हात जोडून सांगितलं होतं, "मावशी, पत्रा जुना हाय, पाय थेट रस्त्याला लागंल." सिनेमात नायकाची गाडी दरीकडे निघाली की पुढच्या खुर्चीवरचा माणूस दचकून मागे वळायचा. माझ्या लग्नात तर भटजींनी सुरात 'सावधान' म्हटलं आणि आत्याने इमानेइतबारे ब्रेक दाबला. तो नेमका फोटोग्राफरच्या पायावर. अंतरपाट दूर झाल्याच्या क्षणाचा आमच्याकडे जो एकुलता एक फोटो आहे, त्यात मांडवाचं छत फार सुंदर आलंय.

तिची भाषाही त्याच गाडीतून आलेली. माणसांचे तिने दोनच प्रकार केले होते, आरशात बघणारे आणि न बघणारे. माझा चुलतभाऊ पाच वर्षं मुली बघत होता आणि कुणालाच धड हो-नाही म्हणत नव्हता, तेव्हा भर पंगतीत ती म्हणाली, "हा कायम हाफ क्लचवर. पुढे जात नाही, मागे येत नाही, नुसता जळका वास येतोय." पुढच्याच महिन्यात त्याचा साखरपुडा झाला. हाताने सिग्नल देणारी ती पनवेलमधली शेवटची व्यक्ती असावी. पायी चालतानासुद्धा वळायच्या आधी ती हात बाहेर काढते आणि भाजीबाजारात त्यामुळे किती जणांच्या थोबाडीत बसता बसता राहिलीय ते तिलाच ठाऊक.

गेल्या वर्षी श्रावणात मात्र गंमत राहिली नाही. इतरांच्या चुकांपायी लाखो वेळा क्लच दाबून दाबून आत्याचा डावा गुडघा संपला होता. डॉक्टर तिचाच जुना विद्यार्थी, एके काळी उड्डाणपुलाच्या चढावर गाडी बंद पाडून रडलेला. तो एक्स-रे उजेडाला धरून चाचरत म्हणाला, "मॅडम, गुडघा बदलावा लागेल. दिवाळीनंतर करू. आणि नंतर... जड क्लच विसरा." आत्या घरी आली, चहा प्यायली आणि माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, म्हणाली, "दादा, दिवाळीच्या आत मला गाडी घ्यायचीय. स्पोर्ट्स कार. क्लचवाली."

बाबांनी उचललेला घास ताटात परत ठेवला. "अगं, वय काय तुझं?"

"बासष्ट. आणि या सगळ्या वर्षांत चाळीसच्या पुढे काटा गेलेला मी बघितला नाही. माझ्या पायाखाली काय होतं रे? क्लच आणि ब्रेक. ॲक्सिलरेटर कायम दुसऱ्याच्या पायाखाली. एकदा मला तो हवाय. रविवारी कर्नाळ्याला जाईन, आणि घाटावर तो ट्रॅक झालाय ना, जिथे लोक आपापल्या गाड्या नेऊन पळवतात, तिथे एकदा जाईन. मग कापा गुडघा."

आईने समजुतीच्या सुरात ऑटोमॅटिक सुचवली. आत्याने तिच्याकडे दयेने बघितलं. "वहिनी, ती म्हणजे विकतच्या पुरणाची पोळी. खाता येते, मी केली असं म्हणता येत नाही."

नवी कोरी गाडी परवडणार नव्हती, म्हणून जुनी शोधायची ठरली आणि फोनवर जाहिराती बघता येतात एवढ्या एका गुणावर माझी नेमणूक झाली. इंजिन, मायलेज, किती हातांतून फिरली, असलं मी विचारायचो. आत्याची पद्धत वेगळी होती. ती विकणाऱ्याला म्हणायची, "तुम्ही चालवा," आणि स्वतः डावीकडे बसून डोळे मिटायची. खारघरच्या एका आयटीवाल्याची चंदेरी गाडी दिसायला इतकी देखणी होती की मीच विरघळलो. आत्याने पहिल्या सिग्नललाच डोळे उघडले. "तुम्ही पाय क्लचवर ठेवून विसरता. घरीही असंच करता का?" तो ओशाळून म्हणाला, "मिसेसची तीच तक्रार आहे." पुढचा तासभर तिने त्याला चढावर गाडी कशी उचलायची ते शिकवलं. गाडी आम्ही घेतली नाही. त्याचा मात्र दिवाळीला फराळ आला.

वाशीच्या एका शोरूममध्ये पांढऱ्या बुटांचा विक्रेता तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत राहिला. "सर, मॅडमना कलर आवडला ना?" आत्या शांतपणे म्हणाली, "मॅडमना टायर आवडले नाहीत. पुढचे दोन एका बाजूने झिजलेत, म्हणजे कुठेतरी जोरात आपटलीय. रंग तिथेच नवा दिसतोय." त्याने मला पाणी विचारलं आणि तिला थंडा मागवला. एक गाडी तिने परत पाठवली कारण मालक हॉर्नवर हात ठेवूनच जन्मल्यासारखा चालवत होता, आणि एक केवळ मालकाने कुत्र्यासाठी वेग कमी केला नाही म्हणून. "गाडीला मालकाचं वळण लागतं," ती म्हणाली. गणपती गेले, नवरात्र आलं, आणि आमची गाडी काही ठरेना.

पळस्पे फाट्यावर भजी खाताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतक्या गाड्या बघितल्या, पण आत्या एकदाही उजवीकडे बसली नव्हती. मी तसं विचारलं. एरवी माझ्या प्रश्नाच्या आधी तिचं उत्तर तयार असतं. त्या दिवशी ती बराच वेळ भज्याचं तेल कागदाला टिपत राहिली.

"तिथे बसलं ना," ती शेवटी म्हणाली, "की डावीकडे बघावंसं वाटतं. तिथे कुणीच नसतं रे. बाकी सगळ्यांना मी होते."

माझ्या आत्याला भीती वाटू शकते हे मला तोवर माहीतच नव्हतं. मला फार वाईट वाटलं, म्हणून मी आणखी एक प्लेट भजी मागवली. तिने तीही खाल्ली.

दसऱ्याच्या आधी उरण रस्त्यावरच्या एका गावातून फोन आला. हाही तिचा विद्यार्थी. जमीन गेली, मोबदला आला, आणि त्या भरात गड्याने पिवळीधमक, दोन दारांची, दोनच सीटची गाडी घेऊन टाकली होती. न्हावा शेवा बंदराच्या ट्रेलरांच्या रांगेत ती बुटकी गाडी कुणाला दिसायचीसुद्धा नाही. "मॅडम, गारी झ्याक हाय, पन करू काय?" तो म्हणाला. "आमच्या गावात पाच ब्रेकर. परतेकाला पोट घासतंय. बायको म्हनते, आपन दोगं आत, मंग पोरांना काय टपावर बसवायचं?"

आम्ही त्याच्या घरी गेलो. तो चालवायला बसला, आत्या डावीकडे. मी गोठ्यापाशी उभा. गावाबाहेर एक फेरी मारून दोघं परत आले तेव्हा आत्याचे डोळे अजून मिटलेलेच होते. "क्लच कुणी शिकवला तुला?" तिने विचारलं.

"तुमीच."

"तरीच." आत्या खुशीत उतरली. "छान आहे गाडी. कागद बघू."

त्याने कागद दिले नाहीत. तो उतरला आणि उजवीकडचं दार तसंच उघडं धरलं. "आता तुमी."

"मी बघितली ना इथून."

"पयल्या दिवशी मी घाबरून उतरत व्हतो, तवा तुमी काय बोल्ला? चावी फिरवल्याबिगर उतरायचं नाय." आणि तो स्वतः जाऊन डावीकडच्या सीटवर मांडी ठोकून बसला. "मी हाय ना बाजूला. बसा."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. मग ती बसली. सीट पुढे घेतली, मागे घेतली, तिन्ही आरसे इतक्या निगुतीने लावले की गोठ्यातली म्हैससुद्धा बघायला आली. गाडी सुटली. पाचही ब्रेकर तिने तिरके घेतले आणि पोट एकदाही घासलं नाही. परत आल्यावर तिने कागद मागितले नाहीत, सरळ पेढे मागितले.

ट्रॅकवर गेलो तो रविवार दिवाळीच्या अगदी तोंडावरचा होता. सगळीकडे पोरं, काळे चष्मे, मोठमोठे आवाज. हेल्मेट सक्तीचं होतं आणि आत्याच्या अंबाड्यावर ते बसेना. तिने सगळ्यांदेखत काटे काढले आणि केस मोकळे सोडले. आत्याचे केस इतके लांब आहेत हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. तिने मला विचारलंच नाही, नुसतं डावीकडचं दार उघडलं. मी निमूट बसलो.

पहिली फेरी म्हणजे साग्रसंगीत शिकवणी होती. प्रत्येक वळणाला खिडकीतून हात बाहेर. कडेला झेंडा घेऊन उभा असलेला माणूस, बाई हात कसला दाखवतायत, ते बघतच राहिला. दुसऱ्या फेरीत तिने काच वर केली. तिसऱ्या फेरीत सरळ रस्ता समोर आला तेव्हा म्हणाली, "बसलास ना नीट?" आणि मग त्या गाडीतून जो आवाज निघाला तो माझ्या पोटातून आल्यासारखा मला वाटला. काटा चाळीसला थांबला नाही. ऐंशीला थांबला नाही. पुढे मी बघितलं नाही. वळण अंगावर आलं आणि माझे दोन्ही पाय समोरच्या पत्र्यावर खाडकन आपटले.

"पाय वर घे," आत्या समोरून नजर न काढता म्हणाली. "तिकडे काही नाहीये. ब्रेक माझ्याकडे आहे."

तिने तो बरोबर जागी दाबला, गिअर उतरवला, वळण घेतलं आणि पुन्हा सुटली. हेल्मेटच्या आत ती मोठमोठ्याने हसत होती. मला रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं.

दिवाळीनंतर गुडघा बदलला. आता ती काठी न घेता चालते, जिन्यावर हाताने सिग्नल देते. पुन्हा क्लच दाबता येईल का, विचारलं की डॉक्टर म्हणतो, "बघू." आत्या म्हणते, तो हाफ क्लचवर आहे. गाडी मात्र ती विकू देत नाही.

रविवारी सकाळी मी ती पिवळी गाडी कर्नाळ्याला नेतो आणि आत्या डावीकडे बसते. मला वाटलं होतं, पावलोपावली चुका काढेल. पण ती नुसती डोळे मिटून बसते. पळस्पे मागे पडतं, रस्ता मोकळा होतो, आणि माझं लक्ष तिच्या पायाकडे जातं. तो खाडकन आपटत नाही आता. उजवं पाऊल त्या रबरी मॅटवर हळूहळू, जराही धक्का न देता, खाली खाली जात राहतं.

मग मीही पाय थोडा दाबतो.