हळदीच्या हातांचा धवला

ओल्या हळदीचा वास आला की माझी बोटे अजून अस्वस्थ होतात.

नव्वदीच्या सुरुवातीला, वाशीच्या रंगमंचावर लग्नविधीतली जुनी गाणी, म्हणजे धवले, गाण्याच्या ओढीने, मी टेपरेकॉर्डर घेऊन जवळच्या बोनकोडे गावी गेले. ते पूर्ण येत होते फक्त लग्नांत ते गाणाऱ्या तिथल्या धवलारीण हिराआजींना.

“नवरीच नाय तं धवला कुनाला गानार? तूच बस पाटावर!”

त्यांनी माझ्या तळहातांना हळद फासली आणि सूर लावला. टेपचे बटण दाबायला मी हात पुढे केला.

“हालू नको गो, नवरी हायेस ना!”

हसून मी हात मागे घेतला. पुन्हा येऊन टेप करूच, असे वाटले. पुन्हा गेले तेव्हा आजी हयात नव्हत्या.

रंगमंचावर तो धवला मी आठवून गायले, टाळ्या पडल्या. तिसऱ्या कडव्याची चाल आजींची की माझी, हे सांगणारे मात्र कुणी उरले नव्हते.