मोहाखालचा समेट

मोहफुलांचं कसं असतं, सकाळी टोपलंभर वेचून आणा, दुसऱ्या दिवशी झाडाखाली परत सडा! सावली गावाजवळच्या आमच्या लहानशा प्रार्थनाघराचे किस्से तसेच. जुने पाळकसाहेब बदलून वरोऱ्याला गेले, तरी सरत नाहीत.

अंगणात मोहाचं झाड आणि साहेबांचा एक नियम: भांडण मनात ठेवून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची रोटी, घ्यायचं नाही. आधी दोघांनी मोहाखाली जाऊन समेट करायचा, मग रोटी.

"पण पहिले उठाचं कोणं?" योहान सुतारानं साहेबांना विचारलं.

"ज्याची चूक नाई, त्यानं! माणूस देवाशी बिघडला, तं पहिले कोण चालत आलं? देवच ना!"

झालं! पुढच्या रविवारी योहान आणि त्याचा भाऊ एकदमच उठले. दोघांचीही चूक नव्हती! दारात खांद्याला खांदा अडकला.

*

मार्थाबाई आणि सायत्राबाई वाळत घातलेल्या धानावरून महिनाभर अबोल. मोहाखालून आल्या त्या हातात हात घालून.

"कोणाची चूक निंगाली?"

"कोंबडीची!"

*

एकदा तर साहेबच रोटीची थाळी ठेवून बाहेर गेले. सकाळी भाजीतल्या मिठावरून घरात बोलले होते. त्यांच्या बाई मागोमाग. आमची तीन गाणी म्हणून झाली, तेव्हा बाई आत आल्या.

"झाला समेट. आता भाजी साहेबच करतीन!"

*

माझी पहिली लेक दीड वर्षाची होऊन तापानं गेली. त्यानंतर मी रोटीला हात लावला नाही. मग दुसरी झाली. तिचं अंग जरा कोमट लागलं की रात्रभर तिच्या उशाशी बसायचे. माझ्या रागापायी देव हिलाही नेईल का?

एका रविवारी थाळी माझ्यासमोर थांबली.

"बाई, कोणाशी भांडण हाय?"

"देवाशी."

साहेबांनी दाराकडे बोट केलं.

"मंग मोहाखाली जा."

पोरीला कडेवर घेऊन गेले. देवाला नाही नाही ते बोलले. रडले. आतलं गाणं मध्येच थांबलं. पाहते तर साहेब अनवाणीच, थाळी घेऊन येत होते. येऊन माझ्यासमोर मातीत बसले.

"माही चूक नाई," मी म्हटलं. "मी नाई उठत."

"नोको उठू." त्यांनी रोटीचा तुकडा पुढे केला. "पहिले कोण उठलं, तेवढं पाह्य."

मी हात पुढे करेपर्यंत पोरीनं तुकडा तोंडात घातलासुद्धा!