लंकाबाईचा उरलेला डोळा

पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागांत लंकाबाईचा हात नावाजलेला होता. थिनिंगच्या दिवसांत, म्हणजे घडातले दाटीचे मणी छाटायच्या कामात, तिची कात्री शेजारच्या मण्याला चाटूनही जात नसे. सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर वेलींच्या मांडवाची तार ताणताना तुटली आणि तिचं टोक लंकाबाईच्या उजव्या डोळ्यात घुसलं. नाशिकला ऑपरेशन झालं. डोळा जागेवर राहिला, नजर गेली.

एका डोळ्यानं थोडं कमी दिसेल, एवढीच तिची समजूत होती. घरी आल्यावर पहिलाच चहा तिनं कपाच्या बाहेर, नवऱ्याच्या, पुंजाच्या मांडीवर ओतला. बांधाचा उतार सपाट वाटून पाय चुकायचा. बागेत कात्री हवेतच मिटायची, नाहीतर देठच कापला जाऊन अख्खा घड खाली पडायचा. दिसत तर सगळं होतं. ते किती लांब आहे, तेवढंच कळत नव्हतं.

तपासणीला गेल्यावर तिनं हे सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. दोन डोळे एकच वस्तू जराशा वेगळ्या बाजूंनी बघतात, मेंदू ती दोन चित्रं जुळवतो आणि त्यांतल्या फरकावरून अंतर ओळखतो. तिच्याकडे आता एकच चित्र उरलं होतं.

"मान जरा हलवून बघत जा," ते म्हणाले. "जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. सवयीनं अंदाज येईल."

वर्षभर ती ओसरीत सुतळीला बोरं टांगून कात्री चालवत राहिली. आधी मान डावी-उजवी, मग डाव्या बोटाचा स्पर्श, मग कात्री. शेजारणी हसायच्या, पुंजा तोंड फिरवून बसायचा.

पुढच्या हंगामात ती थिनिंगच्या बायकांच्या टोळीत परतली. एकही घड पडला नाही. पण बाकीच्या बायका ओळ संपवून बांधावर बसल्या, तरी तिची निम्मी ओळ बाकी असायची. काम सगळ्या टोळीनं मिळून उक्तं अंगावर घेतलेलं, सगळ्या ओळी झाल्याशिवाय कोणालाच घरी जाता येत नसे. मग त्या उठून तिच्या वेलींना हात लावायच्या. तिसऱ्या दिवशी टोळीची मुकादम विमलाबाई तिच्याजवळ येऊन बसली.

"तुझं काम चोख हाय, लंका," ती म्हणाली. "पण तुझ्यापायी सगळ्यांचा दिस लांबतो."

लंकाबाईनं मान डोलावली. रागवावं असं त्यात कोणी सापडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळीचा टेम्पो आला, तेव्हा ती कांद्याच्या निंदणीला निघून गेली होती. तिथं तण हाताला लागलं की उपटायचं. पुढं दहा वर्षं तिनं तेच केलं. टोळीतल्या बायका म्हणायच्या, लंकाबाई पहिल्यासारखी बोलत नाय.