एकसारख्या बरण्या

पसारा दिसला की माझं डोकं फिरतं. हे मी कौतुकानं सांगत नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा बाबांनी सासरच्या मंडळींना सांगितलं होतं, "मुलगी शिकलेली आहे, कामाला चपळ आहे, फक्त तिच्यासमोर चपला वेड्यावाकड्या काढू नका." सगळे हसले. बाबा थट्टा करत नव्हते, हे त्यांना पुढच्या महिनाभरात कळलं.

मी मालवण तालुक्यातल्या एका लहानशा शाळेत शिकवते. समुद्र इतका जवळ की पावसाळ्यात खडू दमट होतात आणि फळ्यावर उमटतच नाहीत. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली-दुसरीची अकरा मुलं माझ्याकडे. गेल्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी माझी खोली आवरायला काढली. मोबाईलवर एक बाई रोज एक कपाट रिकामं करून दाखवायची आणि मी मे महिनाभर तिचे व्हिडिओ बघत होते. तिचा नियम सोपा होता: सहा महिने ज्या वस्तूला हात लागला नाही ती बाहेर. सरकारी शाळेत हा नियम लावायला गेलं की पहिल्याच कपाटात गाडी अडते. तीन पायांची खुर्ची, स्टँड हरवलेला पृथ्वीगोल, न वाजणारा रेडिओ, एकच पारडं उरलेला तराजू, यातलं काहीही टाकता येत नाही, कारण ते सगळं जडवस्तूंच्या नोंदवहीत असतं. वहीतून वस्तू कमी करायची तर ठराव, अर्ज, पाहणी, मंजुरी. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, त्या खुर्चीच्या आधी मीच निवृत्त होईन."

मग जे हातात होतं ते मी केलं. मोडका संसार एका कपाटात कोंबून कुलूप घातलं. अकरा मुलांसाठी अकरा निळे प्लास्टिकचे डबे आणले, सगळे एका मापाचे. प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं आणि भिंतीलगत रांगेत मांडले. मुलांनी वेचून आणलेले शंख, शिंपले, सुरूची बोंडं अंगणात नेऊन टाकली. केंद्रप्रमुख आले, त्यांनी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. मी चार दिवस जमिनीवर नव्हते.

घरी तर अशी वहीही नव्हती.

घरात आम्ही तिघं. नवरा कणकवलीला एका कार्यालयात आहे, सकाळी मोटारसायकलवर जातो तो संध्याकाळी येतो. सासरे नाहीत. सासूबाईंना मी आई म्हणते. स्वयंपाकघर त्यांचं, हे न बोलता ठरलेलं होतं. मी भाज्या चिरून द्यायची, नारळ खवून द्यायची, फोडणी त्यांची. खरं सांगायचं तर मला त्याचं बरंच वाटायचं. शाळेतून दमून आलं की आयती माशाची आमटी मिळत होती, आणि तिला अशी चव की मी दोनदा भात घ्यायचे.

पण त्यांची फळी! नवऱ्याच्या लहानपणीचा दूध पावडरचा पोचा आलेला डबा, त्यात साखर. बिस्किटांचा चौकोनी डबा, झाकण न बसणारा, त्यात रवा. मिठाला चिनी मातीची टवका उडालेली बरणी. एका बाटलीच्या गळ्याला सुतळी, दुसरीला रबर. कशावर काही लिहिलेलं नाही. तांदळाच्या पिठात करवंटीची डवली, म्हणजे पळी, तिला निम्माच दांडा. चतुर्थीला पंधरा दिवस राहिले होते. कोकणात त्या दिवसांत घरोघर झाडलोट चालते, भिंतींना रंग लागतो, माळ्यावरची भांडी खाली येतात. मला आयतंच निमित्त मिळालं.

आई दोन दिवस आपल्या बहिणीकडे दोडामार्गला गेल्या होत्या. मी कणकवलीच्या बाजारातून अठरा बरण्या आणल्या, पारदर्शक, लाल झाकणांच्या, एकसारख्या. प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली आणि आत स्टीलचा चमचा ठेवला. डब्यात हात घालायचा नाही, चमच्यानं घ्यायचं, असा नियमही केला. जुने डबे टेम्पोवाल्या भंगारवाल्याला देऊन टाकले. नवरा म्हणाला, "आईला विचारलंस काय?" मी म्हटलं, "बघून खूश होतील." तो गप्प बसला. नऊ वर्षांत तो गप्प बसायला चांगलाच शिकला होता.

आई आल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. फळीवर हात ठेवला, एका बरणीवरून दुसरीवर नेला, मग तिसरीवर.

"माजे डबे खंय गो?"

"दिले, आई. गंजले होते. आता बघा कसं छान दिसतंय."

"होय," त्या म्हणाल्या. "छान आसा."

त्या दिवसापासून त्यांचा स्वयंपाक लांबायला लागला. झाकण उघडून वास घ्यायचा, बंद करायचं, पुढची बरणी. मला वाटलं, मुद्दाम चाललंय. माझ्यावरचा राग बरण्यांवर निघतोय. मी एकदा म्हटलंही, "आई, नाव लिहिलंय ना वर." त्या म्हणाल्या, "लिवलंस ता बरा केलंस." मला तो टोमणा वाटला आणि मी मनातल्या मनात दोन दिवस भांडले.

चतुर्थीच्या दिवशी नैवेद्याचं सगळं आईंच्या हातचं असतं. मोदक, पाच भाज्या, शेवयांची खीर. देवाला दाखवायच्या आधी कुणी चव बघत नाही, मीठ लागलं की नाही हे बोटावर घेऊन बघायची सोय नाही. इतकी वर्षं तसंच चाललं होतं आणि कधी काही चुकलं नव्हतं. आरती झाली, पानं मांडली, नवऱ्यानं खिरीची वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. खिरीत साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. भरपूर.

आईंनी स्वतः एक घोट घेतला आणि वाटी केळीच्या पानावर तशीच ठेवली. देवासमोर गेल्या, बराच वेळ बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला उठले तर त्या पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर होत्या. "आता तूच कर गो," म्हणाल्या. "माका जमणा नाय."

मला लाज वाटते सांगायला, पण पहिल्यांदा मला हलकं वाटलं. अखेर स्वयंपाकघर माझ्या शिस्तीत आलं होतं. आठवड्याभरात तो आनंद उतरला. आई दिवसभर त्या खुर्चीवर. जेवायला हाक मारली की यायच्या, ताटात वाढलेलं खायच्या, पुन्हा जाऊन बसायच्या. आमटीला चव नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं, आणि त्या एकदाही बोलल्या नाहीत. ज्या बाईनं मी चिरलेल्या प्रत्येक भाजीवर नऊ वर्षं शेरा मारला, ती बाई आता गप्प जेवत होती. मला भीती वाटायला लागली. माणूस असं खुर्चीत बसून बसूनच संपतं, हे मी आमच्या वाडीत पाहिलं होतं.

चतुर्थीची सुट्टी संपून शाळा भरली. पहिल्याच दिवशी रांगेतल्या एका निळ्या डब्याच्या कडीला सुंभ बांधलेला दिसला. जाड, ओबडधोबड, अंगणात कुठेतरी पडलेला असावा तसा. डबा पहिलीतल्या एका मुलीचा. मी तिला पुढं बोलावलं. "हे कशाला बांधलंस? सगळ्यांचे डबे सारखे दिसायला हवेत ना?"

ती खाली बघत म्हणाली, "बाई, माका वाचूक येणा नाय."

"नाव तुझंच आहे ते."

"ता तुमका दिसता," ती म्हणाली. "माका हात लावलो की कळता."

दुसरीतली मुलं हसली. मी सुंभ सोडायला पुढे केलेला हात तसाच राहिला. पहिलीतली पाच मुलं. जूनपासून रोज सकाळी ती दुसरीच्या मुलांना विचारून आपला डबा ओळखत होती आणि मी त्या डब्यांचे फोटो पाठवत होते. पण माझ्या मनात ती मुलगी नव्हतीच. फळीवरून हळूहळू सरकणारा एक हात होता.

मधल्या सुट्टीत मी मुख्याध्यापकांना सांगून घरी निघाले. आई पडवीत होत्या. मी आतून दोन बरण्या आणल्या, साखरेची आणि रव्याची, आणि त्यांच्या मांडीवर ठेवल्या.

"आई, यातली साखर कुठली?"

"चिठी आसा ना वर."

"वाचा ना."

त्यांनी बरणी डोळ्यांजवळ नेली नाही, चष्मा मागितला नाही. समोर माडाकडे तोंड करून बसल्या. मग म्हणाल्या, "माका दिसणा नाय गो. दोन वर्सां झाली. तुझा त्वांड सुदा आता सावलीसारख्या दिसता."

मी पायरीवर बसले. दोन वर्षं! वर्तमानपत्र त्या मला वाचायला सांगायच्या, मला वाटायचं आळस. सुईत दोरा मला ओवायला लावायच्या, मला वाटायचं कामाला लावतात. दोन वर्षं त्या बाईनं पोचे, टवके, सुतळ्या आणि मोडके दांडे यांच्या भरवशावर घर जेवू घातलं, आणि मी ते सगळं भंगारात दिलं. मी रडले. आईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तोही अंदाजानंच.

कणकवलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले. उरली आहे ती थेंब घालून राखायची. परतताना आई रिक्षात माझ्या शेजारी बसल्या होत्या. नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी. आई मधेच म्हणाल्या, "थेंबांचा काय ता बघूया. जेवणाचा काय?"

भंगारवाल्याकडे जुने डबे अर्थातच नव्हते. मी दोनदा जाऊन आले. शेवटी वर्गात सांगितलं, "उद्या प्रत्येकानं घरातला एक रिकामा डबा आणायचा. दुसऱ्या कुणाकडे नसेल असा." कशासाठी ते सांगितलं नाही, आणि अशा कामाला मुलं कारण विचारतही नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या चकचकीत वर्गात काय काय आलं! षट्कोनी डबा, कडीचा डबा, पितळी पेला, लाकडी झाकणाची बरणी, पत्र्यावर फुलं उठवलेला पानाचा डबा. सुंभवाल्या मुलीनं दोन आणले. त्याच दिवशी मी पहिलीच्या पाच मुलांना सांगितलं, आपापल्या डब्याला हवी ती खूण करा. दुपारपर्यंत माझी रांग पार बिघडली. मी फोटो काढला नाही.

रविवारी सकाळी मी ते सगळे डबे पडवीत आईंपुढे ठेवले. त्या जमिनीवर बसल्या. एकेक घेऊन चारी बाजूंनी हात फिरवला, झाकण काढलं, लावलं, वाजवून बघितलं. दोन नापसंत करून बाजूला सारले. फुलांच्या डब्याला साखर दिली. मिठाला कडीचा डबा. मग उठल्या, भिंतीला हात लावत आत गेल्या आणि फळी लावायला लागल्या. मी मागून एक डबा सरळ करायला गेले.

"हात लाव नको."

मी हात मागे घेतला. त्यांचं चालूच होतं. मी दारात उभी राहून विचारलं, "आई, दोन वर्षं एका शब्दानं बोलला नाहीत. मला सांगायचं होतं ना."

त्यांनी कडीचा डबा फळीवर ठेवला, काठापासून चार बोटं मोजली, मग माझ्या आवाजाकडे वळल्या. "सांगला असता, तर तू माका त्या खुर्चेर बसवन ठेवलं असतंस. बरां बगलं असतंस माका. वेळेर जेवण, वेळेर औषध. पण हय येवक दिलं नसतंस."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. मी स्वतःला ओळखते. मी खुर्चीला उशी लावली असती, औषधांना चिठ्ठ्या लावल्या असत्या, आणि सगळ्यांना अभिमानानं सांगितलं असतं की आईंना मी कशालाही हात लावू देत नाही.

"होय, आई," मी म्हटलं. "तसाच केलं असतंय."

त्या हसल्या. महिनाभरात पहिल्यांदा. "खरा बोललंस," म्हणाल्या. "आता बाजूक सर आणि नारळ फोडून दी."