थोरल्याचं बिऱ्हाड

केरूला घर मानवलं नाही, असं आमच्या मळ्याकडचे लोक म्हणतात. माझं मत उलटं आहे. त्याला घर नको तेवढं मानवलं.

लासलगावच्या अलीकडे, पाटाच्या कडेला त्याच्या दोन खोल्या आहेत. पुढे पत्र्याची पडवी, मागे एकरभर कांदा. आमचा बांधाला बांध, त्यामुळे त्या घरात भांडं पडलं तरी मला कळतं. हा माणूस जन्मापासून मेंढ्यांमागं फिरलेला. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, त्यावरच कोंबड्या आणि तान्ही कोकरं बांधायची आणि सुरगाण्याच्या डोंगरातून खाली कोकणात उतरायचं. पावसाच्या तोंडावर परत. त्याची बायको कुसाबाई बाळंतपणानंतर आठवड्यात चालायला लागली होती. शेवटी तिनंच घराचा हट्ट धरला. मेंढ्या विकल्या, जमीन घेतली. पोरगा सोमनाथ इथंच शिकला आणि आता सातपूरला कारखान्यात आहे.

पहिली दोन वर्षं केरूची फार ओढाताण झाली. दिवाळी सरली की पाटावर उभा राहून डोंगराकडे बघत राहायचा. "पाय वळवळत्यात वहिनी," मला म्हणायचा. घरात गुदमरतं म्हणून अंगणात झोपायचा. मग एक दिवस खाट आत गेली. पुढे पुढे तर कुठे कळप दिसला की हा आमच्याही आधी बोलायचा, "आले बघा मेंढके. रोपं सांभाळा." मला हसू यायचं आणि रागही यायचा. त्याच्याच अंगाचा लोकरीचा वास अजून गेला नव्हता.

मागच्या वर्षी कुणाच्या तरी मेंढ्या गावातल्या सावित्रीबाईच्या कांद्याच्या रोपात शिरल्या. दोन वाफे साफ. गावात बैठक बसली आणि यंदा शिवारात कळप घ्यायचाच नाही असं ठरलं. गोटीराम आमच्याकडचा मोठा बागायतदार, बैठकीत त्याचाच शब्द. तो म्हणाला, "केरूभाऊ, त्यांच्या वाटा तुम्हालाच ठाऊक. तुम्हीच अडवा." तोवर गावात त्याला केरू, नाहीतर केऱ्या म्हणायचे. एका 'भाऊ'वर गडी विकला गेला. छाती काढून घरी आला आणि कुसाबाईला म्हणाला, "गावानं काम सोपवलं मला." कुसाबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

पौषातली सकाळ होती. कुसाबाई आणि मी तिच्या शेतात कांदे लावत होतो आणि केरू वाट पाट ओलांडते त्या मोरीवर काठी घेऊन उभा होता. कळप आला. पुढे पांढरं पागोटं बांधलेला म्हातारा, मागे घोड्याचा लगाम धरून त्याची बायको. आम्हा गावच्या लोकांना सगळे मेंढपाळ सारखेच दिसतात, म्हणून मी तशीच लावत राहिले. पण कुसाबाईचे हात थांबले.

"थोरले हायेत," ती म्हणाली. "वाळू. यांचे सख्खे भाऊ. आणि ती रंगूबाई, माझी जाऊ."

वाळू हसत पुढे आला. "बरा हायेस ना रं केरू?"

"दादा, इकडून नाय जायचं. बंदी हाय."

"कुणी केली?"

"गावानं." मग काठी आडवी धरून केरू म्हणाला, "म्हंजे आम्हीच केली."

वाळूनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "बरं. मेंढ्या आत नाय घालत. तुझ्या दारी घोटभर पाणी पिऊन निघतो. तुझी वहिनी थकलीय."

"आज नको दादा. कुणी बघंल."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मला धरणीत जावंसं वाटलं, आणि भाऊ माझा नव्हता. कुसाबाईनं हातातली रोपांची जुडी टाकली. चिखलाच्या पायांनी तरातरा मोरीवर गेली, रंगूबाईच्या हातातला लगाम घेतला आणि घोडा सरळ आपल्या अंगणात नेला. तिच्याच वावरातल्या कांदा काढून मोकळ्या झालेल्या तुकड्यात मेंढ्या गेल्या. केरू मागून "अगं, अगं" करत आला. ती वळली.

"मी घर कशाला मागितलं व्हतं, ठावं हाय तुम्हाला? सोमनाथच्या शाळेसाठी म्हणतात समदे. पालावर असताना आपल्या दारी कधी पाव्हणा आला का? दारच नव्हतं. कुणी यावं, त्याला बस म्हणता यावं, म्हणून मागितलं."

पडवीत वाळू खाटेच्या अगदी कडेला टेकला. त्याला कुणी बस म्हटलंच नव्हतं. चहा चुलीवर होता तेवढ्यात गोटीरामची मोटरसायकल आली.

"केरूभाऊ, मेंढ्या आत कशा? कोण हे?"

केरूनं जमिनीकडे पाहिलं. वाळू उठला. त्यानं पागोटं सारखं केलं आणि गोटीरामला हात जोडले.

"आमची वळख नाय मालक. बाईनं दया केली, पाणी पाजलं. यांचा काय बोल नाय. निघालोच."

असं कुणी कुणासाठी केलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. आता तरी केरू बोलेल म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिले. गोटीराम उलट त्यालाच म्हणाला, "मन लय मोठं तुमचं." तेही त्यानं ऐकून घेतलं.

वाळूनं शीळ घातली. मेंढ्या वळल्या, रंगूबाईनं घोडा वळवला. चहा तसाच राहिला. वाळू केरूसमोरून जाताना म्हणाला, "राम राम, मालक."

तेव्हा कुसाबाई पुढे झाली. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला, अंगणातच गुडघे टेकले आणि थोरल्या दिराच्या पायांवर डोकं ठेवलं. मग जावेच्या. वाळूचा हात तिच्या डोक्यावर राहिला. मग तो कळपाकडे वळला.

गोटीराम बघत होता. अनोळखी मेंढपाळाच्या पाया कोणतीही बाई अशी पडत नाही, हे त्याला सांगायला नको होतं. त्यानं मोटरसायकल बंद केली.

"थोरले का?" त्यानं हळू विचारलं.

केरूनं मान हलवली.

"मग सांगायचं ना, केरूभाऊ," गोटीराम म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. "बंदी पिकापायी केली. सख्ख्या भावाला दारातनं घालवा, असं कोण म्हणलं असतं?"

कळप मोरी ओलांडत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती इतका जवळ होता. कुसाबाई नवऱ्याकडे बघत उभी राहिली, गोटीरामही आणि मीही. केरू पडवीच्या खांबाला धरून, आमच्याकडे पाठ करून उभा होता. त्यानं हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार होता?